विहाराचा हिशेब, शासनाची चौकशी आणि आपले हक्क

(यवतमाळ जिल्ह्यातील विहार समित्यांचे पदाधिकारी, संस्थेचे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





विषय थोडा रुक्ष आहे. धम्म, ध्यान, शील यांवर बोलायचे असते तर सभागृह लवकर रंगले असते. पण संयोजकांनी मला सांगितले, 'सर, तुम्ही हिशेबावर बोला. चौकशीची नोटीस आली की आमच्या समित्यांची झोप उडते, त्यावर बोला.' मला ही सूचना मोलाची वाटली. कारण आज पुसदपासून वणीपर्यंत आणि दारव्ह्यापासून पांढरकवड्यापर्यंत गावोगावी विहार उभे आहेत. ते कोणा धनवंताने बांधून दिलेले नाहीत. कापूस वेचणाऱ्या मायमाउलीच्या मजुरीतून, शिक्षकाच्या पगारातून, एस. टी. च्या वाहकाच्या वर्गणीतून ते उभे राहिले आहेत. हा पैसा ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडे शासनाचा अधिकारी हिशेब मागायला आला, तर त्यांनी काय करावे? त्याला हिशेब मागण्याचा अधिकार आहे काय? असल्यास तो कुठपर्यंत? आणि आपले हक्क कोणते? या तीन प्रश्नांची उत्तरे आज शोधायची आहेत.

आपल्याकडे या बाबतीत दोन टोके दिसतात. एक टोक भीतीचे. साधे पत्र आले तरी अध्यक्ष राजीनामा लिहायला बसतात, कोषाध्यक्ष आजारी पडतात. दुसरे टोक ताठरपणाचे. 'हे धर्माचे काम आहे, यात सरकारचा काय संबंध?' असे म्हणून पत्राला उत्तरच दिले जात नाही. ही दोन्ही टोके नुकसानीची आहेत. तथागतांनी सांगितलेला मध्यम मार्ग इथेही उपयोगाचा आहे, आणि तो मार्ग कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला आहे.

धम्मात हिशेबाचे स्थान

हिशेब ठेवणे ही इंग्रजांनी किंवा सरकारने आपल्यावर लादलेली गोष्ट आहे, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. विनयपिटकात संघाच्या भांडारावर नेमायच्या भिक्खूची योग्यता सांगितली आहे. त्याला भांडागारिक म्हणत. तो आवडीनिवडीने वागणारा नसावा, द्वेषाने वागणारा नसावा, मोहाने वागणारा नसावा, भीतीने वागणारा नसावा. आणि पाचवी अट अशी की काय राखले आहे आणि काय राखलेले नाही, याचे त्याला ज्ञान असावे. कोषाध्यक्षाची निवड करताना यापेक्षा चांगली कसोटी मला तरी ठाऊक नाही. पाचव्या अटीलाच आपण आज साठा नोंदवही आणि रोजकीर्द म्हणतो.

वैशालीची दुसरी संगीती आपणास माहीत आहे. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी ती भरली. तिच्या मुळाशी असलेल्या दहा वादांपैकी एक पैशाचा होता. उपोसथाच्या दिवशी वज्जी भिक्खू काशाच्या भांड्यात उपासकांकडून संघासाठी कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोळा करीत होते. यश नावाच्या भिक्खूने त्याला उघड विरोध केला. भिक्खूने सोने-रुपे स्वीकारू नये हा विनय आहे. म्हणूनच पैशाचा व्यवहार उपासकांनी सांभाळायचा, अशी वाट पडली. याचा अर्थ काय? विहाराचा पैसा सांभाळण्याची जबाबदारी भन्तेजींवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. ती आपली, उपासकांची जबाबदारी आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच देतो. नाशिकच्या पांडवलेणीत, जिला आपण त्रिरश्मी बुद्धलेणी म्हणतो, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने चारी दिशांच्या भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून दिले. ती रक्कम त्याने कोणा व्यक्तीच्या हातात दिली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ती ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम मोडायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो! आणि शेवटी लेख सांगतो की हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवण्यात आला.

मित्रहो, यात काय नाही? देणगीचा उद्देश आहे, मूळ निधी आहे, सुरक्षित गुंतवणूक आहे, व्याजाचा दर आहे, खर्चाचा तपशील आहे, जाहीर वाचन आहे आणि सरकारदरबारी नोंद आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आपल्या भूमीत हे होत होते. मग आज धर्मादाय कार्यालयात नोंदणी करायला आपण का कचरावे?

बाबासाहेब तर अर्थशास्त्राचेच पंडित. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी नियंत्रक व महालेखापरीक्षक हा अधिकारी बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते. राष्ट्राच्या पैशाबद्दल ज्यांची ही दृष्टी, त्यांच्या अनुयायांच्या विहारात पावती पुस्तक सापडू नये, हे शोभणारे नाही.

संविधान काय सांगते?

आता हक्कांकडे येऊ. संविधानाचे अनुच्छेद २५ आणि २६ प्रत्येक सभासदाने वाचले पाहिजेत. अनुच्छेद २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला चार हक्क देतो: धार्मिक व धर्मादाय संस्था स्थापन करून चालवणे, धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहणे, स्थावर-जंगम मालमत्ता बाळगणे, आणि त्या मालमत्तेचा कारभार कायद्यानुसार करणे.

दुसऱ्या आणि चौथ्या हक्कातील फरक नीट लक्षात घ्या. धर्माच्या बाबतीतला कारभार पूर्णपणे आपला. मालमत्तेचा कारभारही आपलाच, पण 'कायद्यानुसार'. शिवाय अनुच्छेद २५ मध्येच म्हटले आहे की धर्माशी निगडित असलेल्या आर्थिक, वित्तीय किंवा इतर ऐहिक व्यवहारांचे नियमन राज्याला कायद्याने करता येईल. म्हणजे वंदना कशी घ्यायची, धम्मदेसना कोणी द्यायची, वर्षावासाचा कार्यक्रम कसा आखायचा, हे कोणताही अधिकारी आपल्याला सांगू शकत नाही. दानपेटीत किती जमले आणि ते कुठे गेले, हे मात्र तो कायद्याने विचारू शकतो. संविधानाने आखलेली ही रेषा आहे.

१९५४ चा निकाल

ही रेषा प्रत्यक्षात कशी चालते ते पाहायला सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाकडे जावे लागेल. तो आपल्याच राज्याच्या कायद्यावरचा आहे.

मुंबई राज्याने १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम केला. धर्मादाय आयुक्त हे पद त्यातून आले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आपण मुंबई राज्यात आलो आणि पुढे एकीकरणाच्या कायद्याने हाच अधिनियम आपल्यालाही लागू झाला. २०१२ मध्ये त्याचे नाव बदलून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम असे झाले. नाव बदलले तरी कलमांचे क्रमांक तेच राहिले.

या कायद्याला दोन ठिकाणांहून आव्हान मिळाले. एक होते जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी, आणि दुसरे मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त. दोन्ही समाज संख्येने लहान, पण आपल्या हक्कांबाबत जागरूक. त्यांचे म्हणणे असे की नोंदणी, हिशेब, तपासणी, अंशदान ही सारी धर्मस्वातंत्र्यातील ढवळाढवळ आहे. १८ मार्च १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी तो लिहिला.

न्यायालयाने सरसकट कोणालाही जिंकवले नाही. नोंदणी करणे, हिशेब ठेवणे, हिशेब तपासून घेणे या तरतुदी न्यायालयाने योग्य ठरवल्या. हिशेब ठेवायला लावल्याने कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. अंशदान हा कर नसून देखरेखीच्या सेवेचे शुल्क आहे, असेही ठरवले. (पुढे २००९ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या वसुलीला अटकाव केला, म्हणून अंशदान भरण्याआधी आपल्या हिशेबतपासनिसाचा सल्ला घ्यावा.)

परंतु दोन ठिकाणी न्यायालयाने शासनाचा हात धरला. धार्मिक संस्थेवर खुद्द धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवता येईल, ही तरतूद रद्द झाली. हिशेब पाहणे वेगळे आणि गादीवर बसणे वेगळे! त्याचप्रमाणे, ज्या धार्मिक उद्देशासाठी दात्याने पैसा दिला तो उद्देश पार पाडणे शक्य असतानाही तो पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येईल, ही तरतूदही रद्द झाली. न्यायालयाने तत्त्व सांगितले ते असे: मालमत्तेच्या कारभाराचे नियमन कायदा करू शकतो, पण तो कारभार संप्रदायाच्या हातून पूर्णपणे काढून घेऊन दुसऱ्याच्या हाती देऊ शकत नाही.

त्याच वर्षी शिरूर मठाचा खटला निकाली निघाला. हे शिरूर पुण्याजवळचे नव्हे, कर्नाटकातील उडुपीचे. मद्रास राज्याच्या कायद्याने अधिकाऱ्याला धार्मिक जागेत केव्हाही, कुठेही प्रवेश करण्याचा मोकळा अधिकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मग आपल्या कायद्यातील तपासणीचे कलम ३७ कसे टिकले? त्यात एक परंतुक आहे म्हणून टिकले. ते परंतुक म्हणजे प्रत्येक विहार समितीची ढाल आहे. न्यासाच्या मालमत्तेत प्रवेश करताना अधिकाऱ्याने विश्वस्ताला वाजवी पूर्वसूचना दिली पाहिजे आणि त्या न्यासाच्या धार्मिक आचारांचा व रूढींचा योग्य मान राखला पाहिजे, असे ते सांगते. वंदना चालू आहे, भन्तेजी ध्यानस्थ आहेत, आणि कोणी पूर्वसूचना न देता पादत्राणांसह आत येऊन कपाट उघडा म्हणतो, असे कलम ३७ खाली चालत नाही. हे आपण नम्रपणे, पण ठामपणे सांगू शकतो.

प्रश्न इतर देशांतही आहे

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत नोव्हेंबर २००७ मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी दूरचित्रवाणीवरून धर्मप्रचार करणाऱ्या सहा ख्रिस्ती संस्थांना पत्रे पाठवून त्यांच्या खर्चाचा तपशील मागितला. विमाने, बंगले, पगार असे प्रश्न होते. दोन संस्थांनी पूर्ण सहकार्य केले, इतरांनी कमीअधिक प्रमाणात धर्मस्वातंत्र्याकडे बोट दाखवले. जानेवारी २०११ मध्ये चौकशी संपली, कोणालाही दंड झाला नाही. त्या देशात १९८४ पासून असा कायदा आहे की चर्चची कर-चौकशी सुरू करण्यापूर्वी वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या संशयाची कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि चर्चला लेखी सूचना दिली पाहिजे. दंड झाला नाही म्हणून ज्या संस्थांनी माहिती दिली नाही त्यांच्याबद्दल लोकांच्या मनातले प्रश्न मिटले असतील काय? कायद्यातून सुटणे आणि लोकांच्या विश्वासाला पात्र ठरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दोन्ही साधायच्या आहेत.

हिशेब कोण कोण मागू शकतो?

पहिला, धर्मादाय आयुक्त आणि त्यांचे उप व सहायक आयुक्त. आपला बहुतेक संबंध यांच्याशीच येतो. हिशेबतपासनिसाने आपल्या अहवालात दोष दाखवला तर कलम ३८ खाली विश्वस्तांकडून खुलासा मागवला जातो. खुलासा समाधानकारक नसेल तर कलम ३९ खाली आयुक्तांकडे अहवाल जातो. विश्वस्ताच्या घोर निष्काळजीपणामुळे किंवा विश्वासभंगामुळे न्यासाचे नुकसान झाले काय, हे आयुक्त कलम ४० खाली ठरवतात. पण संबंधिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतरच. नुकसान ठरले तर कलम ४१ खाली ते विश्वस्ताकडून व्यक्तिशः वसूल होऊ शकते. कलम ४१ ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येते. पण त्यासाठी दोषारोप निश्चित करावे लागतात, विरुद्धचा पुरावा तपासण्याची आणि आपला पुरावा देण्याची संधी द्यावी लागते. हा टप्प्याटप्प्याचा रस्ता आहे आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्याला बोलण्याची जागा आहे. जो पहिल्या टप्प्यावर गप्प बसतो त्याला शेवटचा टप्पा जड जातो.

दुसरा, आयकर विभाग. सार्वजनिक धार्मिक न्यासाला करातून सूट मिळते, पण ती आपोआप मिळत नाही. त्या विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. धर्मादाय कार्यालयातील नोंदणी म्हणजे आयकराची नोंदणी नव्हे. २०२५ साली नवा आयकर कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस ठरला. १९६१ च्या कायद्यातील कलमांचे क्रमांक त्यात बदलले आहेत. जुने क्रमांक पाठ असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. निनावी दानाबद्दल एक गोष्ट सांगतो. केवळ धार्मिक असलेल्या न्यासाच्या दानपेटीतील निनावी दानावर वेगळा कर लागत नाही. पण विहारासोबत शाळा किंवा रुग्णालय चालत असेल आणि निनावी दान खास त्या शाळेसाठी किंवा रुग्णालयासाठी दिलेले असेल, तर त्याला ही सवलत नाही. म्हणून विहाराचे दान आणि वसतिगृहाचे, शाळेचे दान यांची पावती पुस्तके वेगळी ठेवा.

तिसरे, केंद्रीय गृह मंत्रालय, विदेशी अंशदानाच्या बाबतीत. या विषयाचा कायदा प्रथम १९७६ चा, नंतर २०१० चा, आणि २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता विदेशी अंशदान दिल्ली येथील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच घ्यावे लागते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशातून दान घेणे हा गुन्हा आहे. इथे आपल्या लोकांची गफलत कुठे होते? विदेशी अंशदान म्हणजे फक्त पैसा असे ते समजतात. कायद्यात वस्तूही येते. परदेशातील संस्थेने विहारासाठी बुद्धमूर्ती पाठवली तर तीही या कायद्याच्या नजरेत येते. दुसरीकडे, परदेशात नोकरी करणारा आपला मुलगा भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दान देत असेल, तर ते विदेशी अंशदान नाही. तो तिकडचा नागरिक झाला असेल तर मात्र आहे. मूर्ती येण्याआधी, मिरवणुकीची तारीख ठरण्याआधी, हे विचारून घ्या. याही कायद्यात तपासणीला येणारा अधिकारी राजपत्रित असावा लागतो, तो सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी वाजवी वेळीच येऊ शकतो, आणि म्हणणे ऐकल्याशिवाय नोंदणी रद्द होत नाही.

जयंती मंडळांसाठीही एक शब्द. ज्यांची न्यास म्हणून नोंदणी नाही त्यांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. १४ एप्रिलची धामधूम संपली की हिशेब द्यायचा असतो, हे एप्रिलच्या सुरुवातीलाच लक्षात असू द्या.

नोटीस आली तर काय करावे?

समजा, आपल्या समितीला पत्र आले. घाबरू नका. पुढील गोष्टी क्रमाने करा.

१. पत्र कोणत्या कार्यालयाचे, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या वर्षांबद्दल आहे ते वाचा. ते आवक नोंदवहीत नोंदवा. तोंडी निरोपावर कागद देऊ नका. लेखी मागणीची विनंती करा. अधिकारी आला असेल तर ओळखपत्र आणि अधिकारपत्र पाहणे हा उद्धटपणा नव्हे, तो आपला हक्क आहे.

२. मुदत कमी असेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी अर्ज करून ती वाढवून मागा. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला किंमत राहत नाही.

३. समितीची बैठक घ्या, ठराव करा आणि उत्तर देण्याचा अधिकार एका व्यक्तीला द्या. पाच विश्वस्तांनी पाच उत्तरे दिली की चौकशी वाढते.

४. कागदपत्रांच्या प्रती यादीसह द्या आणि पोच घ्या. मूळ वही द्यावीच लागली तर आधी तिची पूर्ण प्रत काढा आणि ती ताब्यात घेतल्याची सहीनिशी पावती घ्या.

५. जबाब घेतला तर तो वाचल्याशिवाय सही करू नका. सुनावणीत वकील किंवा सनदी लेखापालाची मदत घ्या. निर्णय विरुद्ध गेला तर कलम ७० खाली आयुक्तांकडे अपील, ७० अ खाली फेरतपासणी आणि ७२ खाली जिल्हा न्यायालयाचा दरवाजा आहे. त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे. विश्वस्तावर व्यक्तिशः कारवाई असेल आणि तो अनुसूचित जातीचा असेल, किंवा विश्वस्त स्त्री असेल, तर १९८७ च्या कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर साहाय्य मागता येते. धर्मांतरित बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे आपण जाणताच.

आणि काय करू नये तेही सांगतो. वह्या लपवू नका. जुन्या तारखेच्या पावत्या नव्याने लिहू नका. छोट्या चुकीचा त्यातून फौजदारी गुन्हा होतो. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ७३ खाली साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तेव्हा 'आम्ही येत नाही' हे उत्तर नाही. आणि चौकशी म्हणजे समाजावरचा हल्ला, असा पुकारा लगेच करू नका. कधीकधी खरोखर आकसाने तक्रारी होतात, निवडणुकीत हरलेला गट अर्ज करतो, हे मी नाकारत नाही. पण आकसाच्या तक्रारीला सर्वांत चांगले उत्तर म्हणजे नीट लिहिलेली रोजकीर्द. तिच्यासमोर आकस टिकत नाही.

घर आधीच नीट ठेवा

बंधू-भगिनींनो, हक्क शाबूत राहतात ते कर्तव्य बजावणाऱ्याचे. म्हणून थोडे कर्तव्यांविषयी.

विहाराची जागा कोणाच्या नावावर आहे ते आजच सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून पाहा. पुष्कळ ठिकाणी जागा समाजाच्या वर्गणीने घेतली, पण नाव लागले एका कार्यकर्त्याचे. त्या वेळी विश्वास होता. कार्यकर्ता गेला, वारस उभे राहिले, आणि वाद सुरू झाला. नोंदणी नसलेल्या न्यासाच्या वतीने हक्कासाठी दावा केला तर कलम ३१ प्रमाणे न्यायालय तो चालवत नाही. म्हणजे जागा आपली असूनही कोर्टात आपण मुके! न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो. ज्यांनी केला नाही त्यांनी विलंबाचे कारण देऊन करावा.

विश्वस्त बदलले, कोणी निधन पावले, नवी मालमत्ता आली, तर नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करा. आपल्या कित्येक संस्थांच्या नोंदवहीत वीस-वीस वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्यांची नावे अजून विश्वस्त म्हणून आहेत. मग नोटीस त्यांच्या नावाने निघते, ती कोणाला मिळत नाही, आणि एकतर्फी आदेश होतो. न्यासाची जमीन आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विकता, बदलता किंवा दीर्घ मुदतीच्या भाड्याने देता येत नाही. कलम ३६ त्यासाठी आहे.

दानपेटी दोन विश्वस्त आणि दोन उपासकांसमोर उघडा, त्यांत एक तरी उपासिका असावी. मोजलेली रक्कम तिथल्या तिथे लिहून चौघांच्या सह्या घ्या आणि ती बँकेत भरा. आता मोबाइलवरून दान येते. भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड न्यासाच्या खात्याचा असावा, कोषाध्यक्षाच्या स्वतःच्या खात्याचा नको. तो माणूस कितीही प्रामाणिक असो, त्याच्या घरखर्चात आणि विहाराच्या पैशात एकदा सरमिसळ झाली की चौकशीत त्याला ती वेगळी करून दाखवता येत नाही. आणि ३१ मार्चला हिशेब बंद करून, तपासून घेऊन, तो विहारात मोठ्या अक्षरात लावा. अगदी लहान उत्पन्नाच्या न्यासांना तपासणीत सवलत आहे, जाहीर वाचनात मात्र कोणीही सवलत घेऊ नये. उषवदाताने निगमसभेत केले ते आपण बुद्धपौर्णिमेला करू शकतो.

विद्यार्थी मित्रहो, शेवटी तुमच्याशी बोलतो. तुमच्यातले काहीजण वाणिज्य शाखेचे आहेत, काही कायद्याचे. तुम्ही नोकरीसाठी पुण्या-नागपूरला जाल, पण दरवर्षी एप्रिल महिन्यात चार दिवस आपल्या गावच्या विहाराची रोजकीर्द लिहायला द्या. आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगमेहनतीने, पोटाला चिमटा घेऊन या वास्तू उभ्या केल्या. त्यांना कायद्याची भाषा शिकण्याची संधी मिळाली नव्हती. म्हणूनच अनेकजण कागदाला भितात. तुम्हाला बाबासाहेबांनी ती संधी दिली आहे. ज्या दिवशी विश्वस्त होण्यासाठी सुशिक्षित तरुण भीतीने मागे सरणार नाहीत, उलट वही हातात घेऊन पुढे येतील, त्या दिवसापासून कोणत्याही चौकशीत विहार एकटा पडणार नाही.

आवडीने नव्हे, द्वेषाने नव्हे, मोहाने नव्हे, भीतीने नव्हे. विनयाने भांडागारिकाला घातलेल्या या चार अटी आपणही आपल्या समितीला घालून घेऊ या. अधिकाऱ्यालाही त्या लागू आहेत, आणि त्या त्याने पाळाव्यात असा आग्रह धरण्याचा हक्क संविधानाने आपल्याला दिला आहे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम!